तीन रेघांचं भांडं

फिदेन्सियो एकीवा हा माणूस मुळात वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला ते खरं वाटणार नाही. गावात कुणाकडेही लग्न असो, चुरिपोच्या तिखट रश्श्याच्या हंड्याखाली लाकडं सारायला पहिला तो. कुणी मेलं तर खड्डा खणायला पहिला तो. बासष्ट वर्षांत त्याने बायकोवर हात उगारला नाही की चर्चच्या पायरीवर थुंकला नाही. फक्त एकाच बाबतीत त्याचं डोकं फिरायचं. आपल्यापेक्षा चांगलं भांडं कुणी कातलं, की फिदेन्सियोला अन्न गोड लागत नसे.

आमच्या या डोंगरावर गावागावाचा धंदा ठरलेला आहे. एक गाव गिटारी करतं, एक तांबं ठोकतं, एक नुसत्या टोप्या विणतं. आम्ही कातारी. लेथवर ओंडका फिरवायचा आणि पटाशी लावून त्याचं भांडं करायचं, हे आमचं काम. फिदेन्सियोचा बाप पायाने दांडी मारून लेथ फिरवायचा. फिदेन्सियोने त्याच लेथला पिठाच्या गिरणीतली जुनी मोटर बसवली आणि बापाचंच काम पुढे चालवलं. आणि बापाची जागाही.

ही जागा म्हणजे काय, तर कोर्पुसच्या सणाच्या गुरुवारी देवापुढची जागा. त्या दिवशी गावातला प्रत्येक धंदा आपापलं काम घेऊन चर्चच्या आवारात येतो आणि त्याच्या चिमुकल्या प्रती गर्दीत उधळतो. पाववाले बोटाएवढे पाव फेकतात, आम्ही अंगठ्याएवढी भांडी फेकतो, आणि बायका ओचे पसरून एकमेकींना ढकलतात. पण प्रत्येक धंद्याचं एक मोठं काम, वर्षातलं सगळ्यात चांगलं, आत वेदीवर ठेवलं जातं. कातारींचं भांडं एकाच ओंडक्यातलं हवं, जोड चालत नाही. देवाला सांधलेलं देत नाहीत. एकतीस वर्षं ते भांडं फिदेन्सियोचं होतं, आणि त्याआधी त्याच्या बापाचं. घराण्यात दुसरं काही नव्हतं, पण ही जागा होती.

आता ज्याने कधी लेथ पाहिली नाही त्याला वाटेल, भांडं ते भांडं, त्यात काय एवढं! बाहेरचा आकार कुणीही देतो, तो डोळ्यांना दिसतो. कस लागतो तो आत. परात किंवा वाडगा असेल तर तोंड रुंद, सगळं समोर दिसतं, पटाशी कडेकडून मधे आणायची की झालं. पण तोंड दोन बोटांचं आणि पोट भोपळ्याएवढं असेल तर? आधी मधोमध तळापर्यंत एक भोक पाडून घ्यायचं, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. मग सरळ हत्याराने भोक थोडं मोकळं करायचं, आणि मग वाकडा आकडा आत घालून खांद्याखालचं लाकूड आंधळ्यासारखं कोरायचं. दर मिनिटाला थांबून आतला कीस काढायचा. नाही काढला तर आकडा त्यात अडकतो, आणि तीन महिन्यांचं काम कपाळावर येऊन फुटतं. तीन महिन्यांचं म्हणजे, ओलं लाकूड आधी जाडसर कातून ते किसाच्या पोत्यात सावलीला वाळवावं लागतं ना, घाईने वाळवलं तर तडकतं.

फिदेन्सियोची रुंद तोंडाची भांडी डोंगरावर एक नंबर. अरुंद तोंडाचं करायचा तोही, पण जाड. खांद्याखाली आकडा गेला की त्याचा हात भ्यायचा. वेदीवरच्या त्याच्या भांड्यांना गाव "भक्कम" म्हणायचं, आणि त्याला वाटायचं की ही स्तुती आहे.

मग नासारियो आला. आला म्हणजे बाहेरून नाही, तो इथलाच, ओढ्यापलीकडच्या चमचेवाल्याचा पोरगा. आमच्यात चमचेवाले म्हणजे कातारींची धाकटी पाती. लेथ नाही, नुसता चाकू घेऊन बसतात. नासारियो चौतिसाव्या वर्षी कुठूनशी मोडकी लेथ घेऊन आला, आणि तीन वर्षांत अशी भांडी काढायला लागला की हातात घेतल्यावर माणूस दचकायचा. डोळ्यांना भोपळा दिसावा आणि हाताला सालपट लागावं इतकी हलकी. तोंड कसलं, दोन बोटं जेमतेम जातील एवढं.

"चमच्याचा पोरगा," फिदेन्सियो म्हणायचा, "देवाने दिलंय हो नशीब, दुसरं काय."

पण पोटातलं दुखणं नशिबावर ढकलून जात नाही. एके दिवशी पात्स्कुआरो शहरातल्या दुकानवाल्या बाईची गाडी त्याच्या दारात थांबली. ही बाई वीस वर्षं त्याच्याकडून वाडगे न्यायची. फिदेन्सियोने अंगावरचा कीस झटकला, हात पँटला पुसले आणि बायकोला, एलोदियाला, हाक मारली, "आतोले ठेव गं, पाहुणे आलेत!" बाईने काच खाली केली आणि गोड हसून विचारलं, "ताता फिदेन्सियो, नासारियोचं घर कुठून जातं हो?"

त्याने तिला टेकडीवरची वाट दाखवली. नासारियोचं घर ओढ्याकडे होतं.

एलोदिया दारात मक्याच्या गरम आतोलेचा पेला घेऊन उभी होती. "शोभतं का हे?" ती म्हणाली. "पुढे रस्ता संपतो. ती बिचारी चिखलात रुतेल."

"रुतू दे. मोठी आली नासारियोवाली!"

त्या दिवसापासून फिदेन्सियोने टेहळणी सुरू केली. आधी तो लोहाराकडे गेला. त्याला खात्री होती की पोराने काहीतरी खास हत्यार घडवून घेतलंय. लोहार म्हणाला, "मोटारीच्या पाट्याचे तीन आकडे दिलेत ताता. तुम्हाला दिले तेच."

"तेच कसे असतील?"

"साचाच तुमचा आहे. तो म्हणाला, ताता फिदेन्सियोंना करून दिलेस तसे दे."

याने बरं वाटायला हवं होतं. उलट आणखी झोंबलं.

मग तो कोंबडी हरवल्याचं निमित्त करून ओढ्यापलीकडे हिंडू लागला. त्याच्याकडे कोंबड्या नव्हत्या हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नासारियोच्या कुंपणाशी उभं राहून तो कान लावायचा. मोटर हळू चाले, थांबे, परत चाले. मधेच नखाने लाकडावर टिचकी मारल्याचा आवाज येई. एकदा नासारियोने त्याला पाहिलंच.

"ताता, उन्हात का उभे? आत या ना. बसा."

आत गेला. नासारियो लेथवर पांढऱ्या सिरिमो लाकडाचं भांडं कोरत होता. फिदेन्सियोने डोळे फाडून पाहिलं, पण पाहण्यासारखं काही नव्हतं. आकडा आत गेलेला, नुसती मूठ बाहेर. शेवटी त्याने मान खाली घालून विचारलं, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते विचारणं म्हणजे दात उपटून घेण्यासारखंच होतं. "किती पातळ झालं हे तुला कसं कळतं रे?"

"ऐकतो, ताता. जाड असलं की लाकूड घोगरं बोलतं. पातळ होत गेलं की आवाज वर चढतो. सगळीकडे एकच सूर लागला की थांबायचं."

"असं होय," फिदेन्सियो म्हणाला, आणि घरी येऊन एलोदियाला म्हणाला, "मला येडा समजतो! म्हणे लाकूड गातं. लपवतोय साला काहीतरी."

काय लपवतोय हे त्याला कोर्पुसच्या आधीच्या रविवारी सकाळी कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. त्या वर्षी कातारींचा कारभार मेलेसियोकडे होता. त्याच्या अंगणात टेबलावर दोन भांडी ठेवलेली. एक फिदेन्सियोचं, दुसरं नासारियोचं. एकतीस वर्षांत टेबलावर दुसरं भांडं ठेवायची वेळ आली नव्हती. संध्याकाळी सगळे जमून ठरवणार होते, वेदीवर कुठलं जायचं. फिदेन्सियो नुसता पाहायला म्हणून गेला आणि नासारियोच्या भांड्यापुढे खिळून उभा राहिला. भोपळ्यासारखं पोट, इवलंसं तोंड, आणि पोटावर जाळलेल्या तीन काळ्या रेघा. लेथवर भांडं फिरत असताना तार दाबून धरली की लाकूड जळून अशी रेघ उठते. मधली रेघ नेमकी जिथे पोट सगळ्यात फुगीर, तिथे.

फिदेन्सियोच्या अंगावर आनंदाने काटा आला. ही रेघ त्याच्या ओळखीची होती.

एकतीस वर्षांपूर्वी बाप अंथरुणाला खिळला होता आणि पहिल्यांदाच वेदीचं भांडं फिदेन्सियोवर आलं होतं. एकामागून एक चार ओंडके त्याच्या हातात फुटले. गुरुवार चार दिवसांवर आला. तेव्हा त्याने भांडं दोन वाडग्यांसारखं केलं, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, दोन्ही मोकळ्या तोंडाने आरामात कोरले, सरसाने जोडले, आणि सांध्यावर तार धरून रेघ जाळली. शोभा वाढवायला खाली-वर आणखी दोन रेघा काढल्या. आठ दिवस ते वेदीवर होतं. गावाने बोटं तोंडात घातली. बापाने उशीवरूनच त्याचा हात दाबला आणि त्याच आठवड्यात डोळे मिटले. हे गुपित फक्त एलोदियाला ठाऊक होतं, कारण सरस सुकेपर्यंत दोन्ही अर्धे तिनेच मांडीत दाबून धरले होते.

घरी येऊन त्याने तिला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता. "जोडलंय! मधल्या रेघेखाली सांधा आहे. आज सगळ्यांपुढे उघडं पाडतो."

एलोदिया मक्याच्या पानांत पिठाचे कोरुंदे बांधत होती. तिने हात थांबवले नाहीत. "तुम्ही पाहिलात सांधा?"

"रेघ पाहिली. कुठे आहे ती पाहिली. आणखी काय पाहायचं?"

"चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली.

"गप्प बस."

"मी एकतीस वर्षं गप्पच आहे. त्या पोराने पाच महिने घातलेत त्यात, त्याची बायको सांगत होती. तुमचं चुकलं तर?"

"माझं नाही चुकत." आणि खरंच त्याला शंका नव्हती. चमच्याच्या पोराला जे आपल्याला जमत नाही ते जमतं, यापेक्षा तो लबाड आहे हे मानणं फार सोपं होतं. इतकं सोपं की त्याला दुपारी गाढ झोप लागली.

संध्याकाळी मेलेसियोच्या अंगणात पंचवीसेक कातारी जमले. भांडी हातोहात फिरली. नासारियोचं भांडं ज्याच्या हातात येई तो उगाच एकदा आभाळाकडे पाहून हसे. निकाल कुठे चाललाय हे लहान पोरालाही कळलं असतं. फिदेन्सियो उठून उभा राहिला.

"देवाला सांधलेलं चालतं का आता?" त्याने विचारलं.

मेलेसियो म्हणाला, "ताता, नीट बोला. कुणाबद्दल म्हणताय?"

"तीन रेघा कशाला आहेत ते विचारा त्याला. मधलीच्या खाली काय झाकलंय ते विचारा. दोन तुकडे आहेत ते. मला डोळे आहेत."

नासारियोचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "ताता, मी... अखंड आहे ते. आईशप्पथ."

"शपथा सगळेच घेतात. कापून दाखव."

कुणीतरी मागून म्हणालं, "असं कसं कापणार? पोराचे पाच महिने!" दुसरा म्हणाला, "मग राहू दे संशय वेदीवर?" वाद वाढला. मेलेसियो बिचारा दोन्ही हात वर करून उभा. शेवटी नासारियोच म्हणाला, "कापा. संशयाचं भांडं मलाही तिथे ठेवायचं नाही."

"मग ज्याने म्हटलं त्यानेच कापायचं," मेलेसियो म्हणाला आणि फिदेन्सियोच्या हातात करवत दिली.

फिदेन्सियोने भांडं आडवं धरून करवतीचे दात मधल्या रेघेवर टेकवले. नासारियो पुढे आला. बोलला ते मात्र कातारीसारखं. "रेघेवरून नका कापू, ताता. सांधा असला तर तो करवतीच्या तोंडातच जाईल, कुणाला दिसणार नाही. तोंडापासून तळापर्यंत उभं कापा. म्हणजे तिन्ही रेघा ओलांडून जाईल."

हे फिदेन्सियोला सुचायला हवं होतं. तो इतक्या जणांपुढे चमच्याच्या पोराकडून शिकला.

करवत उभी चालली. सिरिमो मऊ लाकूड, पाच-सहा मिनिटांत काम झालं. भांड्याचे दोन भाग टेबलावर उताणे पडले आणि सगळी डोकी एकदम वाकली.

सांधा नव्हता. लाकडाच्या शिरा तोंडापासून तळापर्यंत, तिन्ही रेघांखालून, कुठेही न तुटता गेल्या होत्या. आणि भिंत! मानेपाशी जेवढी, खांद्याखाली तेवढीच, पोटात तेवढीच, तळाच्या वळणातही तेवढीच. जिथे फिदेन्सियोचा आकडा जन्मभर भ्याला होता, तिथेही तेवढीच. कुणीतरी एक भाग उचलून सूर्याकडे धरला तर तो आतून पिवळा उजळला.

फिदेन्सियोने दुसरा भाग घेतला आणि अंगठा आतून, तर्जनी बाहेरून धरून वरपासून खालपर्यंत नेली. मग खालून वर. परत वरून खाली. त्याला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण नंतर. आधी वाटला तो हेवा. आत हत्याराचा एकही ओरखडा नव्हता. जिथे कधी कुणाची नजर पोचणार नव्हती तिथे त्या पोराने असं काम केलं होतं, आणि आपण कापायचा हट्ट धरला नसता तर ते कुणाला कधी दिसलंही नसतं.

"अखंड आहे," मेलेसियो म्हणाला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. नासारियो दोन्ही भागांकडे पाहत होता, रडत नव्हता, पण नाक ओढत होता.

"माफ कर," फिदेन्सियो म्हणाला. शब्द बाहेर आला खरा, पण फार हळू. "माफ कर रे. मला वाटलं..."

"असू दे, ताता."

आता प्रश्न उरला गुरुवारचा. चार दिवसांत नवं भांडं होणं शक्य नव्हतं. मेलेसियोने घसा साफ केला. "म्हणजे मग... ताता फिदेन्सियोंचंच जाईल. दुसरं आहेच कुठे!"

कुणी हरकत घेतली नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. लोक टोप्या घालून उठायला लागले. आणि त्या क्षणी फिदेन्सियोला जे वाटलं ते आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पंचवीस माणसांना नासारियोच्या भांड्यात काहीतरी अशक्य दिसलं होतं, इतकं की ते कापून पाहावं लागलं. त्याच्या स्वतःच्या भांड्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं.

"थांबा!" तो ओरडला. "माझंही कापा."

"कशाला, ताता?" मेलेसियो दमला होता. "मग वेदीवर काय ठेवू, माझं डोकं?"

"न्याय सगळ्यांना सारखा! त्याचं कापलं, माझंही कापा. माझ्यात सांधा नाही कशावरून?"

मागे दोघे-तिघे हसले. वाईट मनाने नव्हे, आजोबांच्या हट्टाला हसतात तसं. फिदेन्सियोने करवत उचलली तेव्हा नासारियोने पुढे होऊन त्याचं भांडं टेबलावरून घेतलं, दोन्ही हातांत तोललं, आणि अगदी मनापासून, त्याची समजूत काढायला म्हणून, म्हणाला, "नको हो, ताता. उगाच खराब कशाला करता? हे एकाच ओंडक्याचं आहे. हातात घेतलं की वजनावरूनच कळतं. तुमच्यावर कोण संशय घेणार?"

त्याने भांडं फिदेन्सियोच्या हातात ठेवलं. खरंच जड होतं ते.

घरी कोरुंदे वाफेवर होते. एलोदियाने भांडं पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि बाक पुढे सरकवला. "सांगा. कुणाचं जाणार?"

"माझं."

"आणि त्याचं?"

"कापलं मी. अखंड निघालं."

तिने कोरुंद्यांवरचं झाकण सारखं केलं. मग म्हणाली, "जागा तर राहिली ना तुमची. मग तोंड असं का?"

फिदेन्सियोने भांडं मांडीवर घेतलं आणि त्याच्या खांद्यावर नखाने टिचकी मारली. एकदा, मग खाली पोटावर, मग तळाशी. आवाज सगळीकडे घोगराच आला.

"माझं कुणी कापायला तयार होईना गं," तो म्हणाला, आणि म्हातारा रडायला लागला.

गुरुवारी त्याने भांडं वेदीवर ठेवलं. बाहेर आवारात छोटी भांडी उधळली जात होती, बायका ओचे पसरून ओरडत होत्या. आतल्या पहिल्या बाकावरच्या एका आजीबाईने भांड्याकडे पाहून छातीवर क्रुसाची खूण केली आणि त्याच्या बाहीला हात लावला.

"छान झालंय हो, ताता," ती म्हणाली. "अगदी दरवर्षीसारखं."